टिनाचे घर : वऱ्हाडातील एका छपराचा इतिहास

वऱ्हाडात 'टिन' या शब्दाला स्वतःचा असा अर्थ आहे. इंग्रजीत टिन म्हणजे कथील. पितळी भांड्यांना कल्हई करायला वापरतात तो धातू. पण अकोला-अमरावतीकडे कुणी 'औंदा घरावर टिना टाकल्या' असे म्हटले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे येते ते लोखंडाचे, जस्ताचा मुलामा दिलेले, नाळीदार छप्पर. कथलाचा त्याच्याशी काही संबंध नसतो. पुण्या-मुंबईकडे यालाच 'पत्रा' म्हणतात. आमच्याकडे पत्रा म्हटले तर लोक विचारतील, कशाचा?

हे नाव कसे पडले असावे, याचा माझा तर्क असा. घासलेट पूर्वी चौकोनी डब्यांतून येई आणि त्या डब्यांना खरोखरच कथलाचा मुलामा असे. रिकामा डबा कुणी फेकत नसे. तो कापून, ठोकून सपाट करायचा आणि गोठ्याच्या कुडावर किंवा न्हाणीच्या आडोशावर ठोकायचा, ही गरिबाची रीत होती. खेड्यातल्या माणसाने धातूचे छप्पर पहिल्यांदा पाहिले ते अशा ठिगळांच्या रूपात. पुढे नाळीदार जस्ती पत्रे आले तेव्हा जुनेच नाव त्यांना चिकटले. नाव चुकीचे असेल, पण ते एवढे रुळले आहे की आता ते बदलण्याचे कारण नाही.

छपराचा इतिहास लिहावा एवढे त्यात काय आहे, असे कुणालाही वाटेल. भिंती, वाडे, वेशी, किल्ले यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. छपरावर फारसे नाही. पण वऱ्हाडातल्या माणसाची ऐपत, त्याची जात, त्याचे पीक आणि सरकारशी असलेला त्याचा संबंध हे सारे गेल्या दीडशे वर्षांत त्याच्या डोक्यावरच्या छपरात उमटत आले आहे. म्हणून हा प्रपंच.

टिना येण्यापूर्वी वऱ्हाडात मुख्यतः तीन प्रकारची छपरे होती. पहिले गवताचे. गवत डोंगरातून किंवा पडीक रानातून आणायचे, बांबूच्या ताट्यांवर रचायचे आणि भिंतीच्या जागी पऱ्हाटीचा किंवा तुऱ्हाटीचा कुड, वरून शेणामातीचा लेप. पैसा लागत नसे, पण दरसाल नाही तर वर्षाआड नवे गवत लागे, आणि एका ठिणगीत आळीच्या आळी जळून जात.

दुसरे धाब्याचे. पूर्णेच्या दोन्ही तीरांवरचा काळ्या मातीचा सपाट मुलूख म्हणजे धाब्यांचा मुलूख. पाऊस बेताचा, वर्षाला सातआठशे मिलिमीटर. त्यामुळे सपाट छप्पर चालून जाई. सागाचे किंवा बाभळीचे खांड, त्यावर किलचन, त्यावर पालापाचोळा किंवा पऱ्हाटी आणि सर्वांत वर गावपांढरीची चोपण माती. गावोगावच्या पडक्या गढ्या अर्ध्याअधिक पोखरलेल्या दिसतात, त्यामागे ही धाब्याची मातीही आहे. मृग लागण्याआधी धाब्यावर नव्या मातीचा थर द्यावा लागे. हे वर्षाचे ठरलेले काम होते.

तिसरे कवेलूचे. मेळघाटात, जिथे पाऊस मोकळ्या मैदानापेक्षा बराच अधिक, तिथे उतरते छप्पर हवेच. कोरकूंच्या समोरासमोरच्या दोन ओळींतल्या घरांवर कवेलू असत. मैदानातही ज्याला लाकूड परवडे तो कवेलू घाली. कुंभाराच्या हातची ही नळीची कवेलू पावसाळ्यापूर्वी फेरून घ्यावी लागत. फुटकी काढायची, नवी बसवायची. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला यंत्रावर चपटी कौले करण्याचा कारखाना काढला आणि ती कौले पुढे आपल्याकडेही आली. त्यांना आमच्याकडे आजही 'इंग्रजी कवेलू' म्हणतात.

या तिन्ही छपरांत एक गोष्ट समान होती. साहित्य गावातले किंवा गावाजवळचे होते, आणि दर वर्षी त्यावर कष्ट करावे लागत होते. टिनाने ही दोन्ही सूत्रे तोडली. साहित्य सातासमुद्रापलीकडून आले आणि वर्षाचे कष्ट संपले.

नाळीदार लोखंडाचा जन्म लंडनच्या गोदीतला. गोदी कंपनीचा अभियंता हेन्री रॉबिन्सन पामर याने १८२९ मध्ये त्याचे पेटंट घेतले. कल्पना साधी होती. कागदाचा ताव सपाट धरला तर वाकतो. त्यालाच पंख्यासारख्या घड्या घातल्या तर तो ताठ उभा राहतो आणि वर थोडे वजनही पेलतो. लोखंडाच्या पातळ पत्र्याला नाळ्या पाडल्या की तो तसाच ताठ होतो आणि खाली दाट वाशांची गरज उरत नाही. उणीव होती ती गंजाची. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल याने वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवून काढण्याचे पेटंट घेतले. जस्ताचे वैशिष्ट्य असे, की ते नुसते झाकण घालत नाही. कुठे ओरखडा पडून लोखंड उघडे पडले तरी आधी स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. पामरची नाळी आणि सोरेलचे जस्त एकत्र आले आणि कुठल्याही जहाजात थप्पी लावून नेता येईल, कुणीही उभारू शकेल असे छप्पर तयार झाले. कॅलिफोर्नियात आणि ऑस्ट्रेलियात सोने सापडले तेव्हा माणसांच्या मागोमाग हे पत्रेही तिकडे गेले.

वऱ्हाडात सोने नव्हते, पण कापूस होता. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकी कापूस तुटला आणि साऱ्यांचे डोळे या काळ्या मातीकडे वळले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा भुसावळहून अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा येत १८६७ मध्ये नागपूरला पोचला. १८७० च्या मार्चमध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावच्या फाट्याच्या उद्घाटनाला आला. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. १९०५ च्या फेररचनेत ते बुलढाण्याकडे गेले. अमरावती मुख्य मार्गापासून बाजूला राहिली होती, तिला बडनेऱ्याहून फाटा मिळाला. कापसासाठी एक साम्राज्य किती धावपळ करते, हे त्या दोनचार वर्षांत वऱ्हाडाने पाहिले.

या रुळांवरून कापसाच्या गाठी मुंबईकडे जात आणि मुंबईकडून येणाऱ्या मालात विलायती लोखंड असे. स्टेशनांची मालधक्क्याची छपरे, मग जिन आणि प्रेस यांच्या शेड, असा टिनाचा वऱ्हाडातला प्रवास झाला. अकोला, आकोट, मूर्तिजापूर, कारंजा, दर्यापूर, धामणगाव यांपैकी कुठल्याही गावात स्टेशनच्या किंवा बाजाराच्या बाजूला जुन्या जिनांच्या लांबच लांब उतरत्या शेड आजही दिसतात. काही चालू, बऱ्याच बंद.

जिनवाल्याने टिन का निवडले याची कारणे व्यवहाराची होती. सरकी काढताना कापसाचा बारीक पिंजर हवेत भरून राहतो आणि यंत्राच्या घर्षणाने पडलेली एक ठिणगी पुरते. अशा जागी गवत किंवा लाकडाचे दाट छप्पर म्हणजे आगीला आमंत्रण. टिन जळत नाही. दुसरे, लोखंडी कैचीवर टिन टाकले तर मधे खांब न घालता मोठी जागा मोकळी मिळते. यंत्रे मांडायला आणि कापसाचे ढीग हलवायला तीच हवी. तिसरे, भिजलेल्या कापसाचा भाव पडतो. टिन नीट बसवले तर ठिबकत नाही. आणि चौथे कारण व्यापाऱ्याच्या मनातले: धंदा बुडाला तर भिंत विकता येत नाही, टिना विकता येतात. बंद पडलेल्या जिनांच्या जाड, जुन्या टिना लिलावात जाऊन आसपासच्या खेड्यांत घरांवर चढलेल्या मी पाहिल्या आहेत. कारखान्याचे छप्पर घराला मिळाले ते असेही.

घरांवर टिन चढायला मात्र बराच काळ गेला. त्याला आणखी दोन गोष्टी कारण झाल्या. एक, जंगल. वन कायद्यांनंतर सरकारी राखीव रानातला साग सहज तोडून आणणे संपले. धाब्याला आणि कवेलूला दाट आणि जाड लाकूड लागते. लाकूड महागले तसे दोनचार आडव्या पाट्यांवर भागणारे टिन स्वस्त वाटू लागले.

दुसरी गोष्ट प्लेगची. १८९६ मध्ये मुंबईत उतरलेला प्लेग पुढे वऱ्हाडातही पोचला. १९०५ नंतर प्लेगचा अभ्यास करणाऱ्या मंडळाने मुंबईत परळला एक प्रयोग केला. सहा लहान घरे बांधली. फरक फक्त छपराचा. दोन घरांवर देशी नळीची कौले, ज्यांत उंदीर मजेत राहतात. दोनांवर मंगळुरी चपटी कौले, ज्यांत त्यांना राहता येत नाही. उरलेल्या दोन घरांवर देशी कौलेच, पण खाली तारेची जाळी, म्हणजे उंदीर छपरात राहतील, खोलीत उतरणार नाहीत. उंदीर, पिसू आणि माणूस यांचा संबंध उलगडण्याच्या कामात घराचे छप्पर असे साक्षीला उभे राहिले. त्या प्रयोगात टिन नव्हते. पण ज्या छपरात पोकळ्या नाहीत ते आरोग्याला बरे, हा विचार तेव्हापासून सरकारी बांधकामात मुरला. टिनात उंदराला बिळासारखी जागा नसते, साप-विंचू वरून पडत नाहीत. आमच्या आजोळी, दर्यापूर तालुक्यात, टिनाचे पहिले कौतुक हेच होते, की रात्री अंगावर काही पडत नाही.

टिनाचे राजकारणही होते. ब्रिटिश पत्र्यांना हिंदुस्थान ही मोठी बाजारपेठ होती. साक्चीला, म्हणजे पुढच्या जमशेदपूरला, टाटांचा पोलादाचा कारखाना उभा राहिला. १९१२ मध्ये तिथे पहिले पोलाद ओतले गेले. देशी कारखान्याला संरक्षण मिळावे म्हणून १९२४ मध्ये कायदा झाला आणि आयात पोलादावर जकात वाढली. १९३२ च्या ओटावा करारात जस्ती पत्रे हा वाटाघाटीचा स्वतंत्र विषय होता: हिंदी पोलादापासून ब्रिटनमध्ये बनवलेल्या पत्र्यांना जकातीत सवलत मिळाली. मूर्तिजापूरच्या बाजारात पत्र्याची जोडी घेणाऱ्या शेतकऱ्याला यातले काही ठाऊक नसेल, पण तो देत असलेल्या किमतीत कॅनडातल्या त्या बैठकीचा वाटा होता.

मग दुसरे महायुद्ध आले. १९४१ च्या आदेशाने लोखंड-पोलाद सरकारी नियंत्रणात गेले आणि ते नियंत्रण या ना त्या रूपात पुढे अर्धशतक टिकले. १९९२ मध्ये किंमत आणि वाटप पूर्णपणे खुले झाले. मधल्या काळात टिन परमिटवर मिळे. आमच्या घरच्या जुन्या कागदांत टिनपत्र्यांसाठी केलेल्या अर्जाची एक नक्कल आहे. अर्जात पत्र्यांची संख्या, कारण आणि सध्याच्या छपराची अवस्था लिहिलेली आहे. ज्या वस्तूसाठी अर्ज करावा लागतो ती प्रतिष्ठेची होते. त्या काळात सोयरीक जुळवताना 'टिनाचं घर हाये' हे वाक्य 'बागायत हाये' च्या पंक्तीला बसे. ज्याच्याकडे टिनाची खोली, त्याला कापूस भाव येईपर्यंत घरात ठेवता येई. गवताच्या किंवा गळक्या कवेलूच्या घरातल्या शेतकऱ्याला तो दसरा-दिवाळीतच मिळेल त्या भावाने विकावा लागे. छपराचा आणि भावाचा असा सरळ संबंध होता.

टिनाचा फायदा किती मोठा होता, हे समजायला वजनाचा हिशेब पाहावा. धाब्यावर वर्षानुवर्षे माती टाकत गेल्यावर थर सहज फूटभर होतो. एक चौरस मीटर जागेवर फूटभर माती म्हणजे साधारण ४५० ते ५०० किलो. आठवडाभराची झड लागली की पाणी पिऊन त्याहून जास्त. अर्धा मिलिमीटर जाडीचे नाळीदार टिन तेवढ्याच जागेवर पाच किलोच्या आसपास भरते. म्हणजे शंभरात एक हिस्सा. मातीच्या भिंती ओल्या होऊन खचल्या की धाबे खाली येते, आणि वऱ्हाडातला असा पावसाळा विरळाच, की धाबे कोसळून माणूस दगावल्याची बातमी नाही. टिनाखाली माणूस असा गाडला जात नाही.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या माणसाला टिनाचा आणखी एक फायदा आहे, ज्याचा पुरेसा विचार झालेला नाही. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. धाब्यावरून येणारे पाणी गढूळ, गवतावरचे पिवळे. टिनावरचे पाणी पहिला पाऊस वाहून जाऊ दिला की स्वच्छ असते. ५० चौरस मीटरचे टिन आणि ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर वर्षाला ३५ हजार लिटर पाणी छपरावर पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले तरी २८ हजार लिटर उरते. पाच माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकासाठी रोज ५० लिटर लागले, तर हे पाणी ५६० दिवस पुरते. टाके बांधावे लागते, ते झाकावे लागते, गाळण ठेवावी लागते, हे खरे. पण टँकरची वाट पाहण्यापेक्षा ते सोपे आहे.

सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत, आकोट, तेल्हारा, अचलपूर या बाजूला, टिन वाढण्याचे कारण विचारले तर लोक एकच शब्द सांगतात: वानरं. काळतोंड्या वानरांची टोळी एकदा कवेलूवरून पळाली की वर्षभराची फेरणी मातीत. कुंभार कमी झाले, कवेलू करणारे हात राहिले नाहीत, आणि वानरे मात्र गावात जास्त येऊ लागली. टिनावरून टोळी धावली तर गडगडाट होतो, निजलेले मूल दचकून उठते, पण छप्पर फुटत नाही.

एवढे फायदे सांगितल्यावर दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे, नाहीतर हा इतिहास टिनाच्या दुकानाची जाहिरात होईल.

जे वजन माणसाला गाडते, तेच वजन उन्हाला अडवते. धाब्याची फूटभर माती दिवसभर तापत राहते, पण तिची धग खोलीपर्यंत पोचेतो सूर्य कललेला असतो. टिनाला असा उसंतीचा वेळ नाही. नवे जस्ती टिन ऊन बरेच परतवते, पण तापले की स्वतःची उष्णता सहज बाहेर टाकत नाही. जुने, गंजलेले टिन तर ऊन पीतच राहते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो. मे २०२४ च्या अखेरीस तर उष्णतेमुळे अकोला जिल्ह्यात कलम १४४ लावावे लागले आणि मजुरांना सावली, पाणी, पंखा देण्याच्या सूचना निघाल्या. त्या दिवसांत दुपारी दोन वाजता टिनाच्या खोलीत चूल किंवा गॅस पेटवून भाकरी करणारी बाई काय सोसते, ते तिने सांगितल्याशिवाय कळत नाही. शेतकरी बाभळीखाली जाऊन बसतो. तिला आत थांबावे लागते.

दुसरा धोका वाऱ्याचा. एप्रिल-मे मधल्या अवकाळी वादळानंतर 'टिना उडाल्या' ही बातमी ठरलेली. दोष टिनाचा कमी, बसवणीचा जास्त. हलक्या छपराला खाली ओढून धरावे लागते. प्रत्येक पाटीवर हूक, हुकाखाली डांबरी वायसर, पाटी भिंतीला सळीने जखडलेली, दोन टिनांचा लॅप वाऱ्याच्या दिशेकडे पाठ करून, एवढे केले तर टिन सहसा उडत नाही. पण खर्च वाचवायला खेड्यात टिनावर दगड आणि जुने टायर ठेवतात. वादळात तेच दगड खाली येतात. आणि टिनाची शेड हा भक्कम निवारा आहे, या समजुतीलाही मर्यादा आहे. ९ एप्रिल २०२३ च्या संध्याकाळी बाळापूर तालुक्यातल्या पारस गावी मंदिरातली माणसे वादळ-पावसातून वाचण्यासाठी टिनाच्या शेडखाली थांबली आणि जुने कडुलिंबाचे झाड त्या शेडवर कोसळले. सात जण गेले. शेड पाऊस अडवण्यासाठी होती, झाड पेलण्यासाठी नव्हे.

आता प्रतिष्ठाही उलटी फिरली आहे. गावातल्या ऐपतदाराने कधीच स्लॅब टाकला. टिन उरले ते वेशीबाहेरच्या नव्या वस्तीत, पारधी बेड्यांवर, अकोला-अमरावतीच्या झोपडपट्ट्यांत. जे एकेकाळी परमिट काढून मिळे, ते आता गरिबीची खूण झाले. दुसरीकडे शहरांच्या बाहेर गोदामे, मंगल कार्यालये, शोरूम यांच्यावर निळे-लाल रंगीत टिन झळकते आहे. १९७२ नंतर जगात आलेल्या या पत्र्यांवर नुसते जस्त नसते. ५५ टक्के ॲल्युमिनियम आणि बाकी मुख्यतः जस्त असा मुलामा असतो, तो जास्त टिकतो. त्याखाली उष्णतारोधक थर, वर हवा काढणारे फिरते पंखे. म्हणजे टिनाचा उन्हाळा सुसह्य कसा करावा, हे आपल्याला ठाऊक आहे. ते ज्ञान कापसाच्या गोदामापर्यंत पोचले, माणसाच्या खोलीपर्यंत नाही.

खरे पाहता उपाय महागडे नाहीत. टिनावर चुन्याचा पांढरा हात दिला तर खोलीतला ताप कमी होतो. अहमदाबादेत २०१३ पासून उष्णतेविरुद्ध जो आराखडा राबवला जातो, त्यात पुढे पांढऱ्या छपरांचाही समावेश झाला. आपल्याकडच्या जुन्या बायाबापड्या उन्हाळ्यात टिनावर पऱ्हाटी पसरत आणि खाली पोत्यांचे छत ताणत. मधे राहिलेली हवा हाच त्यातला उपाय. छप्पर दोन हात उंच घेतले आणि आढ्याजवळ झरोका ठेवला तर तापलेली हवा बाहेर पडते. घरकुलाच्या योजनेत अशा गोष्टींना थोडी जागा मिळाली तर पुष्कळ होईल.

जनगणनेच्या वर्गवारीत कुंभाराच्या हातची कवेलू 'कच्चे' छप्पर धरतात आणि धातूचा पत्रा 'पक्के'. या शब्दांनी कोणाला घरकुल मिळायचे, कोणाला नाही, यातही भाग घेतला आहे. नव्या जनगणनेची घोषणा झाली आहे, प्रगणक पुन्हा दारात येईल, मान वर करून पाहील आणि टिनाचा आकडा लिहील. पाऊस, आग, उंदीर, वानर यांच्या हिशेबाने तो आकडा बरोबरच असेल. उन्हाच्या हिशेबाचा रकाना त्याच्या कागदावर नाही. तो भरायचा असेल तर त्याला मे महिन्याच्या दुपारी आत बोलावून, पाट देऊन, घडीभर बसवले पाहिजे.